टाकीतला देवदूत

देवदूतानं शिवी दिली होती, ही गोष्ट वामननं वर्षभरात कुणाला सांगितली नव्हती. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही, आईला तर नाहीच नाही.

बाकीचं मात्र सांगून सांगून पाठ झालं होतं. रबाळ्याच्या एमआयडीसीत केमिकलची कंपनी. कंपनीच्या मागच्या अंगाला जमिनीत गाडलेली टाकी, तीन पुरुष खोल. तळाला साचलेला गाळ खरवडायला ठेक्यावरचा हमाल असलेल्या वामनला शिडीनं खाली उतरवलं. ना तोंडाला मास्क, ना कमरेला दोरी. चार फावडी मारली असतील नसतील, तेवढ्यात पायांतलं बळ गेलं. डोळे मिटता मिटता त्यानं वर पाहिलं. टाकीच्या गोल तोंडातून उजेड पडला होता आणि त्या उजेडातून पांढराशुभ्र कुणीतरी खाली येत होता. डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा. खांद्यांमागं दोन्हीकडं पंखांसारखं काहीतरी. त्यानं वामनला खांद्यावर टाकलं आणि वर नेलं. शुद्ध आली तेव्हा वामन टाकीबाहेर उताणा पडला होता, शेजारी कुणी नव्हतं.

दवाखान्यातून सुटण्याआधीच पाळक सिताराम भिंगारदिवे त्याला दोन तासांसाठी रिक्षात घालून ऐरोलीच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घेऊन गेले आणि त्याला साक्ष द्यायला लावली. ख्रिस्ती माणसांत साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. त्या दिवशी वामन म्हणाला, "देवदूतासारखा कुणीतरी." पुढच्या रविवारी त्यातलं 'सारखा' गळालं. महिन्याभरात पंख सोनेरी झाले. साक्ष देणारा एकटा असतो, वाढवणारे शंभर, आणि वाढवलेली साक्ष पुन्हा आपल्याच कानांवर आली की माणसाला ती खरी वाटू लागते. निदान झोप लागण्यापुरती तरी.

मग ट्रकांच्या पाठीवर मोर आणि कमळं काढणाऱ्या एका पेंटरकडून भलंमोठं चित्र करून आणलं. टाकीतून माणूस उचलणारा देवदूत, गाल गुलाबी, डोळे सिनेमातल्या हिरोसारखे. चित्राखाली फळी आली. फळीवर मेणबत्त्या आल्या. तेलाची बाटली आली, ते तेल कपाळाला लावायचं. मग शुक्रवारची उपासना सुरू झाली, तिचं नावच पडलं देवदूताचा शुक्रवार. सिडकोच्या ज्या गाळ्यात सतरा कुटुंबं जेमतेम जमायची, तिथं आता माणसं फुटपाथवर उभी राहू लागली. कुणाला नोकरी हवी, कुणाला मूल, कुणाला सिडकोच्या ड्रॉमध्ये घर. मागणं सगळं देवदूताकडं. देवाचं नाव शेवटी, पत्रावर पिनकोड घालतात तसं.

एकच बाई आत येईना. वामनची आई, राहीबाई. नगरकडच्या खेड्यांतून तीस वर्षं अनवाणी बायबलातलं शास्त्र सांगत हिंडलेली. चित्र लागलं त्या दिवसापासून ती इस्त्रीवाल्याच्या बंद टेबलाशेजारी खोकं उपडं घालून बसायची आणि तिथूनच, आतल्यांच्या दोन ओळी पुढं, गायची.

मार्चमधला तो रविवार म्हणजे घटनेला वर्ष पुरं होण्याचा दिवस. सकाळी चहा पिताना राहीबाईनं विचारलं, "आज बी देनार का साक्ष?"

"पाळकसाहेबांनी सांगितलंय, आई. मधुकरसाहेब पण येणारेत कंपनीतनं. पंखे दिलेत त्यांनी मंडळीला."

"साक्ष कुनाची? देवाची, का त्या रंगाऱ्याच्या चित्राची?"

"आपण भक्ती नाय करत त्याची. आदर करतो."

"आदर!" राहीबाईनं बशी खाली ठेवली. "परवाच्या शुक्रवारी त्या पोरीनं फळीम्होरं लोटांगण घातलं, त्यो आदर व्हय? बायबलात योहानासारक्या म्हाताऱ्याची बी हीच चूक झाली व्हती. देवदूतानं त्याला सगळा सर्ग दावला, आन ह्यो पडला त्याच्या पायावर. मंग? देवदूतानं काय पाय म्होरं केलं? खेकसला त्याच्यावर! म्हनला, असलं करू नगं, मी बी तुझ्यासारकाच चाकर हाय, पाया पडायचं तर देवाच्या पड. दोन डाव पडला योहान, दोन डाव बोलनं खाल्लं. खऱ्या देवदूताला पाया पडलेलं खपत न्हाई, वामन. आन तुझा तर वरीसभर भिताडावर गप बसून तेल खातोय. खरा आसता तर पयल्याच दिवशी वराडला आसता, आरं ऊठ म्हनून."

वामन चहा अर्धा टाकून उठला.

कारण टाकीत तो खरोखरच ओरडला होता. ऊठ म्हणूनच ओरडला होता.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी वामनला तो आवाज आठवला. आवाजामागून वास आठवला, तंबाखूचा आणि सुक्या बोंबलांचा. मग सगळंच आठवलं. तो गणू होता. दिवाळे गावचा कोळी. शहर वाढलं तशी त्याची खाडी आटली, आणि मग त्याच शहरानं त्याला ठेकेदाराचा हमाल करून रबाळ्याला आणलं. त्या दुपारी तो धुण्याच्या सोड्याच्या गोण्या उतरवत होता. गोणी फुटली की हमाल नखशिखांत पांढरा होतो. डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतलेली असते, तिची दोन टोकं खांद्यांमागं लोंबतात. बाकीचे हमाल जेवायला गेले होते. गणूनं टाकीत डोकावलं आणि तो सरळ उतरला. वामनला वर ढकललं, बाहेर काढलं. तेवढ्यात त्यालाही गॅस लागला आणि तो शिडीवरून उलटा आत पडला. जेवून परतलेल्या हमालांनी त्याला दोरानं ओढून काढलं, पण कंबर मोडली होती, डोक्याला मार बसला होता. त्या दिवसातलं त्याला काहीएक आठवेना.

आणि चौथ्या दिवशी मधुकरसाहेब कागद घेऊन आले. कागदावर लिहिलं होतं की टाकीत कुणालाही उतरवलं नव्हतं. वामन टाकीजवळ उभा असताना चक्कर येऊन पडला. गणू नावाचा हमाल दारूच्या नशेत तोल जाऊन आत पडला.

"पण साहेब, मी तर चर्चमध्ये बोललोय, देवदूतानं टाकीतून काढलं म्हणून."

"तिथं काय हवं ते बोला हो," मधुकरसाहेब हसले होते. "देवदूताची काय कोर्टात उलटतपासणी होत नाही. कागदावर फक्त सही करा. पर्मनंटचं लेटर पुढच्या आठवड्यात काढतो."

वामननं सही केली. कागदावर एक खोटं, साक्षीत दुसरं, आणि दोन्ही एकमेकांच्या आधारानं वर्षभर उभी होती. देवदूत असला की माणसाची गरज पडत नाही. ज्यानं वाचवलं तो माणूस नको, ज्यानं मास्क दिला नाही तो माणूसही नको. सगळं परस्पर वर गेलं. एवढी सोयीची भक्ती कंपनीला दुसरी कुठली मिळणार होती? पंखे उगाच नव्हते दिले.

दहाला गाळा भरला. पुढच्या खुर्चीवर मधुकरसाहेब, गळ्यात मंडळीनं घातलेला हार. गीत झालं. पाळकांनी माइक वामनच्या हातात दिला. "बंधुभगिनींनो, ज्यांना देवदूतानं स्वतः उचललं..."

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण गर्दीतून वाट काढत येत होती. पन्नाशीची, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. मासळीचा वास तिच्याआधी आत आला. एका बाईनं नाकाला पदर लावला.

"मासळी बाहेर ठेवा हो!" कुणीतरी म्हणालं.

"टोपलीत मासली नाय," बाई म्हणाली. "वास कुटं ठेवू?"

कुणी हसलं, कुणी नाही. बाई पुढं आली, पाळकांसमोर उभी राहिली. "मी पुतलाबाय. दिवाल्याहून आयले. दोन बस बदलून. माज्या पोराचं नाव गणू. तुमचा देवदूत ज्या टाकीत उतरला, त्याच टाकीत पडला तो."

मधुकरसाहेबांनी हार काढून मांडीवर ठेवला.

पाळक चांगले माणूस होते. घाबरट, पण चांगले. "बसा ना बाई. प्रार्थना करू आपण तुमच्या मुलासाठी."

"तुमी नका करू. मना त्याच्याशीच बोलायचाय." तिनं चित्राकडं बोट दाखवलं. टोपली उतरवली, तिच्यातून वर्तमानपत्राचं पुडकं काढलं आणि उलगडलं. आत पाय होते, मेणाचे, वीतभर लांबीचे, गुडघ्यापासून खाली. "वांद्र्याला मोतमाउलीच्या चर्चच्या पायऱ्यांवर मिलतात. ज्याचा जो अवयव दुखल तो वाहायचा. तुमच्यात चालतात ना?"

आमच्यात असलं काही नसतं, हे वाक्य पाळकांच्या ओठांवर आलं असावं. पण फळीवरच्या वीस मेणबत्त्या आणि तेलाची बाटली त्यांच्या डोळ्यांसमोर होती. कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? ते म्हणाले, "वामनभाऊ, तुमच्याच हातानं ठेवा बाईंचे पाय तिथं."

पुतळाबाईनं पाय वामनच्या मोकळ्या हातात दिले आणि चित्राकडं वळून हात जोडले. देवाशी कोळणी बोलतात तशी ती मोठ्यानं, भांडल्यासारखी बोलायला लागली. "तू एकाच टाकीत आलतास. एकाला उचललास, माज्याला टाकलास. का ते मना म्हाईत हाय. तो दारू प्याला व्हता. साहेबांनी सांगितला, कागदावर पन हाय. घाणेरड्या तोंडाच्या मानसाला तू हात कसा लावशील? पन वरीस झाला रे बाबा. पडल्या पडल्या रोज मना बोलतो, आये, मी प्यालो, मी तुजं नाव घालवला, मना माफ कर. भाकरी घशाखाली उतरत नाय त्याच्या. पाय नाय दिलेस तरी चालल. पन त्याला माफ कर. तू माफ केलास असा त्याला सपनात येऊन सांग."

आणि ती गुडघ्यांवर बसली. पदर पुढं घेतला, कपाळ जमिनीकडं न्यायला लागली.

वामनला वाटलं, एक क्षण जाऊ द्यावा. एकच क्षण. कपाळ टेकेल, ती उठेल, दोन बस बदलून दिवाळ्याला जाईल. पर्मनंटचं लेटर कपाटात साड्यांखाली ठेवलेलं आहे, ते तिथंच राहील. पोरगी नववीत आहे. मेणाचे पाय हातात गरम व्हायला लागले होते.

"असं करू नका," तो म्हणाला. माइक तोंडाशीच होता. आवाज फुटपाथपर्यंत गेला. "मावशी, उठा. त्याच्या पाया पडू नका. तो नव्हताच तिथं."

पुतळाबाई अर्ध्या वाटेत थांबली.

"टाकीत देवदूत नव्हता. मी होतो आणि गणू होता. मला गणूनं काढलं."

मग मधुकरसाहेब उठले. "वामन, तुमची तब्येत ठीक दिसत नाही. बसा खाली. उन्हाचं होतं असं."

"वामनभाऊ," पाळक कुजबुजले, "आधी आपण आत बसून बोलू. एवढी माणसं आहेत..."

"एवढ्याच माणसांसमोर खोटं बोललो ना? वर्षभर?" वामन चित्राकडं बघत नव्हता, बाईकडंही बघत नव्हता. "त्याला कुठं दारू प्यायला वेळ होता? सोड्याची गोणी पाठीवर होती त्याच्या. पांढरा झालता. मला पंख दिसले ते गोणपाट होतं. साहेबांनी कागद आणला, मी सही केली. तो पिऊन पडला यावर माझी सही आहे, मावशी."

पुतळाबाई उठली. सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून. वामनसमोर आली. तिनं हात उगारला, सगळ्यांनी पाहिला. मग तो हात तिनं तसाच हवेत ठेवला. "लोकं काय बी बोलतात. कशावरून माजाच व्हता?"

"त्याचा आवाज..."

"आवाज काय, कोनचा बी आसल. बोलला काय तो? शब्द सांग."

वामननं पाळकांकडं पाहिलं. "इथं नाही सांगता यायचं. शिवी होती."

"सांग!"

आणि देवदूताच्या चित्राखाली, माइकवर, वामननं ती शिवी दिली. "ऊठ रं कुजक्या बोंबला, तुझे आयचा जाला फाटला!"

मागं एक पोर फिदकन हसलं आणि त्याला फटका बसला. पुतळाबाईचा हात खाली आला. तोंडावर पदर गेला. रडली नाही ती. खोल पाण्यातून वर आलेलं माणूस घेतं तसा श्वास घेतला तिनं.

"त्याच्या बापाची शिवी," ती म्हणाली. "बाप बुडला त्याला बारा वर्सं झाली. घरात दुसरा कोन देत नाय." मग ती मधुकरसाहेबांकडं वळली. "काय रे साहेबा, प्यालता ना माजा गणू?"

मधुकरसाहेबांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. ते वामनला म्हणाले, "उद्या फर्स्ट शिफ्टला केबिनमध्ये या," आणि गर्दीतून निघून गेले. हार खुर्चीवर राहिला.

पाळक माइक घेऊन उभे होते. लोकांतून आवाज यायला लागले. म्हणजे आमच्या पोराची नोकरी कुणी लावली मग? खोटारडा. सैतान बोलतोय त्याच्यातून. एका म्हाताऱ्यानं पुढं येऊन फळीवरच्या मेणबत्त्या एकेक विझवायला घेतल्या, तर एका बाईनं त्याचा हात धरला. ते भांडण पुढं कित्येक महिने चाललं. वामननं ते पाहिलं नाही. पुतळाबाईनं त्याचं मनगट पकडलं होतं.

"चल. यांना सांगून काय उपेग? ज्याला सांगायचा त्याला सांग."

बाहेर खोक्यावरून राहीबाई उठून उभी होती. माइकवरची शिवी तिनं ऐकली होती. पोराकडं तिनं एकदा नीट बघून घेतलं, जसं ताप उतरला का बघतात तसं. "मी बी येते," ती म्हणाली.

बेलापूरच्या बसमध्ये दोन आयांच्या मधे वामन कैद्यासारखा बसला. मेणाचे पाय त्याच्याच हातांत राहिले होते. उन्हानं ते घोट्यात वाकले.

दिवाळ्यात बांबूंवर बोंबील वाळत होते. गणूची खाट दाराशी, खाडीकडं तोंड करून. एवढा मोठा गोण्या झेलणारा गडी, चादरीखाली अर्धाच उरल्यासारखा. वामनला पाहून तो कोपरावर उठायला धडपडला.

"वामन! आयलास तू?" जीभ जरा अडखळत होती. "बरा झाला आयलास. माफ कर रं. मी प्यालो, आनि तुज्यावर पन संकट..."

पुढचं वामनला ऐकवलं नाही. त्यानं खाटेच्या पायथ्याशी अंग टाकलं. गणूचे थंडगार, काही न कळणारे पाय दोन्ही हातांनी धरले आणि त्यांवर कपाळ ठेवलं.

"ए! काय करतंस? ए वामन!" गणूला स्पर्श कळत नव्हता, दिसत होतं. "आये, उठव त्याला. कोनी मेला का काय?"

कुणी उठवलं नाही. वामन हलेना. गणू चिडला. वर्षभर माफी मागून मऊ पडलेला त्याचा आवाज कुठूनतरी खालून, टाकीच्या तळातून आल्यासारखा आला. "ऊठ रं कुजक्या बोंबला, तुझे आयचा जाला फाटला! मी काय देव हाय पाया पडायला? तुज्यासारकाच हमाल हाय मी!"

दारात राहीबाईनं डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते.

वामन उठून बसला. पुतळाबाईनं कुठल्याशा पोरीच्या वहीचं पान फाडून आणलं होतं, आणि पेन्सिल. तिनं ते त्याच्यापुढं फरशीवर ठेवलं. "झाला रडून? त्या कागदावर सही केलीस ना? आता ह्याच्यावर कर. आधी लिव, मंग कर. आनि लिवताना मोठ्यानं बोल, त्याला ऐकू आला पायजे."

"कसला कागद?" गणू म्हणाला. "आये, हा काय लिवतोय?"

वामननं पेन्सिल धरली. उद्याची फर्स्ट शिफ्ट, केबिन, सगळं डोळ्यांसमोर होतं. तरी त्यानं तारीख घातली आणि टाकीच्या तोंडापासून सुरुवात केली. या वेळी त्यानं पंख लिहिले नाहीत. गोणपाट लिहिलं.